पट्टी भरली, पण हात जोडताना अडखळतो

ओतारी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे, लिहायची सवय हजेरीपुस्तकापुरती. तेव्हा सांभाळून घ्या.

गाव बेळगावच्या पश्चिमेला. नाव सांगत नाही, सांगितलं तर रात्रीपर्यंत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानावर जाईल. येत्या उन्हाळ्यात आमच्याकडं लक्ष्मी यात्रा आहे, १४ वर्षांनी. आपल्या भागातल्यांना काय सांगायचं, पण बाहेरचे वाचत असतील त्यांच्यासाठी : गावदेवीचं लग्न लागतं, मग होन्नाट, म्हणजे देवीला खेळवत आणि भंडारा उधळत गल्लोगल्ली फिरायचं. मग देवी गदगेवर, म्हणजे तिच्यासाठी केलेल्या ओट्यावर, जाऊन बसते. गाव पाहुण्यांनी फुटायला येतं. शेवटी शिवेवर निरोप. त्याआधी कितीतरी आठवडे वार पाळायचे, मंगळवार-शुक्रवार औताला हात लावायचा नाही. घरटी पट्टी बसलीय. मी पहिल्याच आठवड्यात भरली, पावती पाकिटात आहे.

अडचण पैशाची नाही. थोरली पोरगी ९ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी तिला पहिली आकडी आली. रताळी काढायचे दिवस, बांधावर बसली होती, बसल्या जागी डोळे फिरवले. आई म्हणाली, "देवीचं कायतरी ऱ्हायलंय." मग आठ महिने अंगारा, उतारा, एक देवऋषी, तो झाला की दुसरा. आठ महिने. मी डिप्लोमा झालेला माणूस, धातू का फुगतो आणि का फुटतो ते पोरांना शिकवतो, आणि पोरीच्या उशाखाली लिंबू ठेवत होतो. शेवटी कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं हाताला धरून डॉक्टरकडं नेलं. डोक्याची तपासणी झाली, गोळ्या चालू झाल्या. पावणेदोन वर्षं झाली, एकही आकडी नाही.

आईचं म्हणणं, देवीनं ऐकलं. त्या आठ महिन्यांत तिनं नवस बोललाय : पोर बरी झाली तर यात्रेत बापानं तिला खांद्यावर घेऊन होन्नाटात नाचायचं आणि गदगेपुढं बकरं द्यायचं. म्हणजे नाचायचं मी.

आता देवळात उभा राहिलो की हात जोडले जातात, पण आतून एकच प्रश्न येतो : ते आठ महिने तू कुठं होतीस? आणि प्रश्न तरी मी कोणाला विचारतोय? ती नसेल तर राग कोणावर?

वर आणि हे बघा. गेल्या पावसाळ्यात भट्टीत स्क्रॅप टाकताना एक बंद तोंडाची नळी आत गेली. नळीत पाणी असलं की त्याची वाफ होते आणि तापलेला रस वर उसळतो, हे मी रोज सांगतो. रस उसळला. माझ्या पायापासून दोन हातांवर पडला. त्या क्षणी माझ्या तोंडातून "विठ्ठला" आलं. विचार करून आलं नाही. तेव्हापासून स्क्रॅप मी स्वतः तपासतो, ओलं दिसलं की गाडी परत पाठवतो. आणि सोमवारी पहिल्या हीटच्या, म्हणजे रस काढायच्या पहिल्या फेरीच्या, आधी भट्टीपुढं नारळही मीच फोडतो. ओलं स्क्रॅप टाकून नारळ फोडला तर कोणी वाचवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग कोरडं टाकूनही का फोडतो?

मी आस्तिक की नास्तिक ते मला विचारू नका. तेच मी इथं विचारायला आलोय.

मलप्रभाकाठ

पट्टी भरलीस न्हवं? मग नाच की. कशाला एवढा विचार करूलालास?

शेंडा_ना_बुडखा

ओतारी, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त वाचायचं राहिलंय. आठ महिने देव केला, आकडी थांबली नाही. गोळी दिली, थांबली. भट्टीत प्रयोग केला असता तर असा निकाल तुम्ही एका मिनिटात मान्य केला असता.

दोन गोष्टी माहितीसाठी. देवळाच्या आवारात देवापुढं जनावर बळी देण्यावर आपल्या राज्यात १९५९ पासून कायद्यानं बंदी आहे. तेव्हा बकऱ्याचं जे काय ठरवाल ते हे लक्षात ठेवून ठरवा. दुसरं, अघोरी प्रथांविरुद्धचा २०१७ चा कर्नाटकचा कायदा जानेवारी २०२० पासून लागू आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता गंडादोरा करणं हा त्यात गुन्हा आहे. आकडीवाल्या पोराला आठ महिने फिरवणाऱ्या देवऋष्यांची नावं तरी लिहून ठेवलीत का?

ओतारी

नाही लिहिली. त्यातला एक माझा चुलत मामा आहे.

सिस्टर

ओतारीदादा, आधी कामाचं. गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, यात्रेच्या धावपळीत एक दिवससुद्धा चुकवू नका. बरेच दिवस आकडी नसली तर डॉक्टर स्वतःच हळूहळू कमी करतात, पण ते त्यांनी ठरवायचं. होन्नाटात गर्दी, रात्रीची जागरणं, उपाशीपोटी ऊन हे तिला झेपणार नाही. झोप मोडली की आकडी परत येऊ शकते. पुन्हा कधी आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, तोंडात काही घालू नका. चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा, काही नको. किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा. पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना.

आता तुमच्या प्रश्नाचं. शेंडाभाऊंचं पटतं, पण माझ्या घरात ते असं सरळ घडलं नाही.

आजोबांनी १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बावीस प्रतिज्ञांची तसबीर. आणि माळ्यावर, सुपाच्या मागं, आजीनं ठेवलेली यल्लमाची परडी आणि कवड्यांची माळ. आजोबांना माहीत होतं. आजीला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. मरेपर्यंत दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

माझी मावशी लहानपणीच देवीला सोडलेली. देवदासी सोडायला बंदी घालणारा कायदा १९८२ चा, ती त्याच्या आधीची. तिच्या डोक्यात जट होती. लोक पाया पडायचे. ती रात्री मान धरून रडायची ते कोणी बघत नव्हतं. मी नर्सिंगला गेल्यावर सुट्टीत तिच्या केसांना हात लावला तेव्हा कळलं, की त्यात देवीबिवी काही नाही. तेल, धूळ, भंडारा, न विंचरलेले केस, सगळं एकमेकांत बसून फेल्टसारखं झालेलं. आत उवा, खाली कातडी ओली. तरी कापू म्हटल्यावर ती म्हणाली, "आई रागावली तर?" मी म्हटलं, माझ्यावर रागावू दे. चार वर्षं लागली तिला तयार व्हायला. चार वर्षं मी दर सुट्टीत तोच विषय काढला आणि ती दर सुट्टीत चहा करायला उठून गेली.

शेवटी एका रविवारी परड्यात बसवून कापली. घरातली कात्री चालेना, शिंप्याची मोठी कात्री आणली. पूर्ण जट खाली पडली तेव्हा धप्प असा आवाज झाला, ओलं पोतं टाकल्यासारखा. डोकं इतकं हलकं झालं की दोन दिवस चालताना तिचा तोल जायचा, दाराला धरून उभी राहायची.

पुढच्या पौर्णिमेला मावशी सौंदत्तीला, यल्लमाच्या देवळात, गेली. पहिल्यांदा तिकीट काढून, कोणी जोगतीण म्हणून पाया न पडता, रांगेत उभी राहून. मी चिडले. म्हटलं एवढं करून परत तिथंच? तर म्हणाली, "जट लोकांनी ठेवायला लावलीती गं. आई काय मागायला आलीती?"

मला आजही ह्याचं उत्तर देता येत नाही. माझ्यापुरतं मी देव मानत नाही. पण तिला खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मलप्रभाकाठ

सिस्टर, वरचं आमचं वाक्य परत घेतलं. विचार कर बाबा ओतारी.

तवंदीघाट

मी निपाणीचा, जैन. आमची गंमत ऐका.

आमच्या धर्मात देव काही देत नाही. तीर्थंकर वीतराग. त्यांना ना राग ना लोभ, तुम्ही लाख पूजा करा, ते कर्माचं खातं बदलत नाहीत. लहानपणी पाठशाळेत हे घोकून घेतलेलं. आणि पाठशाळा सुटली की आजी स्तवनिधीला न्यायची, ब्रह्मदेवाला नारळ द्यायला, परीक्षेत पास कर म्हणून. तिथला ब्रह्मदेव क्षेत्रपाल. म्हणजे मालक काही देत नाही म्हटल्यावर लोकांनी राखणदाराशी संधान बांधलं.

मी आजीला एकदा विचारलं, हे शास्त्रात बसतं का? आजी म्हणाली, "शास्त्र देवळात. घरात चार पोरं हायत." आजोबा तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस, त्यांचा मात्र असल्या नवसाला सक्त विरोध. पण आजीचा नारळ आणायला पैसे तेच द्यायचे.

चाळिशीपर्यंत मला हा ढोंगीपणा वाटायचा. आता वाटतं दोघांची गरज वेगळी होती. आजोबांना जगाचा हिशेब लागायला हवा होता, आजीला कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं. ओतारीसाहेब, तुमची भट्टी आजोबांची आहे आणि तोंडातून आलेलं "विठ्ठला" आजीचं.

(शेंडाभाऊ, तुम्ही म्हणता त्या २०१७ च्या कायद्यात आमच्या मुनींच्या केशलोचनाला, म्हणजे हातानं केस उपटण्याला, हात लावलेला नाही. कीर्तन, प्रदक्षिणा, यात्रा ह्यांनाही नाही. हेही सांगत चला, नाहीतर लोकांना वाटतं सगळ्यावरच वरवंटा.)

शेंडा_ना_बुडखा

मान्य. तेही लिहायला हवं होतं. आणि देव मानू नका असं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनीही कधी म्हटलं नाही, त्यांचा विरोध देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला. एवढंच बोलणाऱ्या डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. आपल्या अंगणात, धारवाडला, ३० ऑगस्ट २०१५ ला डॉ. कलबुर्गींना त्यांच्या दारात. त्यामुळं माझा आवाज कधी चढतो. समजून घ्या.

पण तवंदीकाका, गरज आहे म्हणून गोष्ट खरी होत नाही.

तवंदीघाट

नाही होत. मी खरी म्हटलं कुठं?

सीमाभागी_वाघ

इथं एवढी देवाची चर्चा, आणि गावात देवीच्या कमानीवर पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावर कोणी बोलत नाही!!

मलप्रभाकाठ

वाघोबा, त्याला वेगळे ४० धागे आहेत. इथं नको. विठोबाला संतांनीच कानडा म्हणून ठेवलंय, त्याला दोन्ही कळतंय.

चिकोडीचे मास्तर

ओतारी, मी निवृत्त शिक्षक, माळकरी. तुम्ही वयानं माझ्या मुलाएवढे असाल, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

"आठ महिने तू कुठं होतीस" हे विचारलंस म्हणून तुझी श्रद्धा गेली असं तुला वाटतंय. तुकोबांची गाथा उघड. १६३० चा दुष्काळ, घरातलं द्रव्य गेलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. आणि मग हाच माणूस लिहितो, "माझे लेखीं देव मेला". हे नास्तिकानं लिहिलेलं नाही. आपण कीर्तनात हा अभंग फारसा घेत नाही, घेतला तर लगेच गोड अर्थ लावून पुढं जातो. मीही तेच करायचो.

माझा मुलगा २३ वर्षांचा असताना गेला. कसा ते लिहीत नाही. दिवस झाल्यावर मी माळ काढून खुंटीला टांगली. पंढरीची वारी बंद. लोक म्हणाले मास्तर बिघडले. पण एक लबाडी माझ्याकडून झाली : संध्याकाळी देवळात हरिपाठाला मात्र जात राहिलो. तोंड बंद, हातात टाळ. कारण टाळकऱ्यांत एक जण कमी पडायचा आणि घरी बसून भिंत बघण्यापेक्षा ते बरं होतं. कुणी मला तू गात का नाहीस असं विचारलं नाही. बाजूला एक न्हावी बसायचा, तो माझ्या वाटणीचंही मोठ्यानं म्हणायचा.

किती दिवस चाललं? तीन वर्षं. माळ परत गळ्यात कधी घातली तो दिवस मला आठवत नाही. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. मुलगा का गेला ह्याचं उत्तरही मिळालं नाही, आणि आता जे कोणी ते उत्तर देतात, पूर्वजन्म म्हणतात, प्रारब्ध म्हणतात, त्यांच्याजवळून मी उठून जातो. एवढा बदल माझ्यात झाला. पूर्वी मीच दुसऱ्यांच्या दारात जाऊन असली उत्तरं द्यायचो.

शेंडाभाऊ विचारतील, मग ही सवय की श्रद्धा? बाबा, मला त्यातली रेघ सापडलेली नाही.

शेंडा_ना_बुडखा

मास्तर, विचारणार नाही.

दोन_घरची

माहेर मराठा, खानापूर तालुका. सासर लिंगायत, बैलहोंगलकडचं. लव्ह मॅरेज, त्याचा इतिहास वेगळा. मराठीत लिहायला मिळतं म्हणून इथं येते. घरात दिवसभर कन्नड.

लग्न ठरल्यावर नवऱ्यानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आमच्यात सूतक मानत नाहीत. बाराव्या शतकात बसवण्णांनी पाच सूतकं मोडीत काढली, जननाचं, मरणाचं, उष्ट्याचं, जातीचं आणि बाईच्या पाळीचं. इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं लिंग, तळहातावर घ्यायचं, कोणत्याही दिवशी, भट नको, देऊळ नको. माझ्या माहेरी पाळीच्या चार दिवसांत आई आम्हाला पडवीत बसवायची, लोणच्याच्या बरणीकडं बघूसुद्धा द्यायची नाही. मी म्हटलं, सुटले!

पहिल्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, आज पूजेच्या खोलीत जाऊ नको.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो पेपर वाचत होता.

मी भांडले नाही. नवी होते. पण पुढच्या महिन्यात मी सासऱ्यांनाच विचारलं, कारण ते रोज बसवण्णांची वचनं म्हणतात : अप्पाजी, दयेशिवाय धर्म नाही असं तुम्ही सकाळी म्हणालात, त्यात हे कुठं बसतं? ते बराच वेळ गप्प बसले. मग सासूबाईंना हाक मारून म्हणाले, तिला तिचं लिंग दे. बास. त्या दिवसापासून मी करते. सासूबाई अजून तोंड वाकडं करतात, आणि नातीचं नाव ठेवायला मुहूर्त मात्र भटजींना विचारून आणतात. बसवण्णा कुठल्या कपाटात असतात तेव्हा, देव जाणे.

ओतारीदादा, सांगायचं एवढंच, मी बाहेरून आले म्हणून मला विसंगती दिसली. पण ती मिटवायला हत्यार त्या घरातलंच मिळालं. तुमच्या आप्पांशी बोललात का? ते माळकरी असतील तर तुकोबांनी नवसाबद्दल काय म्हटलंय ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असेल.

कॅम्पातला

सलाम सगळ्यांना. मी बेळगाव कॅम्पातला, मराठी शाळेत शिकलेला. एसी-फ्रिज दुरुस्ती.

आमच्याकडं असदखानाचा दर्गा आहे, माहीत असेल. दादी गुरुवारी तिथं न्यायची. आजोळच्या गावात मोहरमला पंजे उचलणाऱ्यांत मराठ्यांची पोरं आमच्यापेक्षा जास्त. मग माझा एक भाऊ बाहेरगावी शिकून आला आणि म्हणाला, हे सगळं शिर्क आहे, अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं आहे, दादी चुकीच्या वाटेवर गेली. हिशेबानं त्याचं बरोबर असेल. मी दर्ग्यावर जायचं बंद केलं. पण त्याबरोबर माझं एक विचित्र झालं. नमाजमध्येही मन लागेना. कारण ज्या बाईनं मला पहिल्यांदा हात उचलून मागायला शिकवलं, ती चुकीची, तर माझं पहिलं मागणंच चुकीचं.

अम्मी गेली त्या आठवड्यात मी दर्ग्यावर जाऊन बसलो. काही मागितलं नाही. आता जुम्मा करतो, रोजे करतो, आणि महिन्यातून एकदा दर्ग्याच्या कट्ट्यावर बसतो. भाऊ बोलत नाही. सिस्टरच्या आजी-आजोबांचं वाचून हसू आलं, आमच्याही घरात एक असा माळा आहे.

ओतारीभाई, तुम्ही नाचलात किंवा नाही, पोरीला काय सांगणार ते आधी ठरवा. ती ९ वर्षांची आहे, सगळं बघतेय.

ओतारी

मंडळी, दोन आठवडे आलो नाही, माफी. वाचत मात्र होतो, जेवणाच्या सुट्टीत कोअर ओव्हनच्या मागं बसून. मास्तरांचं वाचून भाकरी तशीच राहिली.

आप्पांशी बोललो. दोन_घरचींच्या सांगण्यावरून. आप्पा माळकरी, आई लक्ष्मीची. पन्नास वर्षं एका घरात बकरं आणि एकादशी दोन्ही चालू आहे. यात्रेत आप्पांचं जेवण वेगळ्या चुलीवर. आप्पांना म्हटलं, नवसानं पोरं होत असती तर नवरा कशाला करायला लागला असता, असं तुकोबा म्हणतात ना? आप्पा म्हणाले, "म्हणत्यात की. तुझ्या आईला सांगून बघ." मी म्हटलं तुम्ही कधी सांगितलं? म्हणाले, "एकदा. तू सहा महिन्याचा होतास, अंगात ताप. मी अभंग म्हणून दाखवला. ती म्हणाली, अभंग पाजू काय पोराला?"

मग बराच वेळ गप्प. मग ते बोलले ते जसंच्या तसं लिहितो. "त्या आठ महिन्यात मीपण व्हतो की. मलापण कळत व्हतं. मी का न्हाई बोललो ते तू मला इचार, देवीला काय इचारतोस?"

तिथून उठून गोठ्यात गेलो. राग तीन वर्षं कोणावर धरून होतो ते मला त्या दिवशी कळलं. देवीवर काढणं सोपं होतं, ती उत्तर देत नाही.

आईशी बोलणं आप्पांसारखं सोपं नाही. बकऱ्याचं काढलं तर रडायला लागली, पोरीला परत झालं तर तू जबाबदार म्हणाली. मी म्हटलं, होय, मीच जबाबदार, म्हणून तर गोळी मी देतो. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, कोहळा कापूया, चालतंय म्हणं. कोणाला विचारून आली माहीत नाही. माझा संशय आप्पांवर.

गावच्या बैठकीत रेड्याच्या बळीचा विषय निघाला. मी उभा राहून बोलणार होतो, चार वाक्यं पाठ केली होती. माझ्या आधी एक ऐंशीचं म्हातारं उठलं आणि म्हणालं, मागल्या यात्रेलाच तो विषय मिटलाय, परत काढू नका. बैठक पुढच्या विषयावर, मंडपवाल्याच्या उचलीवर, गेली. माझी चार वाक्यं तशीच खिशात.

नाचणार आहे. शेंडाभाऊ हसतील. पोरीला खांद्यावर घेऊन नाही, सिस्टरनं सांगितलंय तसं ती ओट्यावरून बघेल, दुपारी झोपवून, पोटभर जेवून. मी एकटा नाचणार. नवस म्हणून नाही. १४ वर्षांपूर्वी मी २४ चा होतो, तेव्हा नाचलो होतो, भंडाऱ्यानं पापण्या जड झालेल्या, शेजारी कोण आहे दिसत नव्हतं, गल्लीत ज्याच्याशी आमचं बांधावरून कोर्टात चाललंय त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. ते मला परत पाहिजे. ती मूर्तीत आहे का माहीत नाही. त्या गर्दीत काहीतरी होतं.

पोरीनं विचारलं, पप्पा मला देवीनं बरं केलं की डॉक्टरनं? कॅम्पातल्या भाईंचं आठवलं. म्हटलं, डॉक्टरनं. तिनं विचारलं, मग देवीनं काय केलं? मी म्हटलं, माहीत नाही बाळ, आज्जीला रोज झोप लागावी म्हणून काहीतरी केलं असेल. तिला पटलं नाही. "म्हंजे काय?" म्हणाली आणि सायकल घेऊन गेली.

शेंडा_ना_बुडखा

हसलो नाही. पाठ केलेली चार वाक्यं इथं लिहा, वाया कशाला घालवता.

मलप्रभाकाठ

होन्नाट कधी हाय ते कळव, येतो. जेवण मात्र आईच्या चुलीवरचं.

ओतारी

सांगायचं राहिलं. आईनं गोळ्यांचं पाकीट आता देव्हाऱ्यात ठेवलंय, लक्ष्मीच्या फोटोखाली. संध्याकाळी दिवा लावला की आधी हळदकुंकू, मग पोरीला हाक, मग गोळी. एकदाही वेळ चुकली नाही, माझ्याकडून दोनदा चुकली होती. मी बघितलं आणि काही बोललो नाही.

सिस्टर

दादा, बोला. दिव्याजवळ गोळ्या ठेवू नका, ऊब आणि ओल दोन्हींनी खराब होतात. घट्ट झाकणाचा छोटा डबा आणा आणि आईंना म्हणावं, डबा देव्हाऱ्यातच ठेवा, पण समईपासून लांब.

ओतारी

बरं ताई. उद्या पगार आहे, डबा आणतो.